पांढऱ्या नंबरप्लेटची भाड्याची स्कूटर: ६,५०० रुपये गेले आणि तक्रार कुणी घेईना

गोव्यात स्वस्तात फिरायचं तर स्कूटर घ्यायची, हे सगळ्यांना माहीत आहे आणि याच गोष्टीवर स्कूटर भाड्याने देणाऱ्यांचा धंदा चालतो. किनारी भागातल्या एका भाडेवाल्याने मला आणि माझ्या मैत्रिणीला ६,५०० रुपयांना लुबाडलं. २,००० डिपॉझिटचे आणि वर ४,५०० ठोकून घेतलेले. भाडं आणि पेट्रोल यात धरलेलं नाही. जुना ओरखडा दाखवून पैसे उकळायची पद्धत आता कुणाला नवीन नाही, म्हणून ती पहिल्यापासून सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते वेगळं. पांढऱ्या नंबरप्लेटची, म्हणजे खासगी गाडी ते मुद्दाम गळ्यात मारतात, आणि ती एकदा हातात घेतली की पुढे तक्रार करायला तुम्हाला तोंड उरत नाही.

मी फोंड्याची आहे, त्यामुळे हे लिहायला लाज वाटते. "गोव्यात राहून तुला फसवलं?" हे घरातल्या प्रत्येकाकडून ऐकून झालंय. पण इथला माणूस भाड्याची गाडी घेतो कधी? दारात स्वतःची असते. माझी गॅरेजमध्ये होती आणि मैत्रीण सांगलीहून आलेली. टॅक्सीचं भाडं ऐकून आमचं सगळं बजेटच कोलमडलं असतं. अशा वेळी कुणीही स्कूटरच बघेल.

व्यवहार असा ठरला. दिवसाला ३५०, दोन दिवसांचे ७००, डिपॉझिट २,००० आणि दोन हेल्मेटं. व्हॉट्सॲपवर गाडीचा फोटो आला त्यात नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी. म्हणजे रीतसर. (माहीत नसेल त्यांच्यासाठी: काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने द्यायची परवानगी असलेली गाडी, पिवळ्यावर काळी म्हणजे टॅक्सी, पांढऱ्यावर काळी म्हणजे खासगी.) आम्ही नंबरप्लेट पाहिली होती. पाहूनच होकार दिला होता. पावतीवरही तोच काळ्या प्लेटचा नंबर लिहिला गेला. २,७०० रुपये यूपीआयने दिले. मैत्रिणीचं मूळ लायसन्स त्याने "फोटो काढतो" म्हणून मागून घेतलं आणि टेबलाच्या खणात टाकलं.

आणि मग बाहेर आली ती पांढऱ्या प्लेटची गाडी.

"ताई, ती गाडी आधीचं गिऱ्हाईक अजून घेऊन आलेलं नाही. ही घ्या, हिचं मॉडेल उलट नवीन आहे." पावतीवरचा नंबर बदलून द्या म्हटलं तर "परत आणाल तेव्हा बदलू". आणि किल्ली हातात देता देता: "पोलिसांनी विचारलं तर ओळखीच्यांची गाडी आहे म्हणून सांगा."

या वाक्याशी थांबायला हवं होतं. रोज रात्री हेच वाक्य कानात वाजतं. ज्याची गाडी कायदेशीर आहे तो गिऱ्हाइकाला पोलिसांशी खोटं बोलायला कशाला शिकवेल? पण क्रम बघा. पैसे गेलेले, लायसन्स त्याच्या खणात, मैत्रिणीची बॅग रस्त्यावर, डोक्यावर दुपारचं ऊन. मुळात सगळं अशा क्रमानेच आखलेलं असतं की गाडी दिसेपर्यंत परत फिरायची सोय राहत नाही. म्हणून पहिली गोष्ट: गाडी समोर येऊन उभी राहिल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. टोकन नाही, अर्धे नाहीत, "बुकिंगचे ५००" पण नाहीत.

पांढऱ्या प्लेटमुळे नेमकं काय होतं ते सांगते. दुचाकी भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची 'रेंट अ मोटरसायकल स्कीम, १९९७' आहे, तिच्याखाली परवाना लागतो. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ चा भंग होतो आणि कलम १९२अ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आहे. त्याहून गंभीर गोष्ट विम्याची. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने देणं बसत नाही. अपघात झाला, कुणाला लागलं, तर कंपनी हात वर करू शकते. हे सगळं भाडेवाल्याला पाठ असतं. तुम्ही ती गाडी घेतलीत, वर "ओळखीच्यांची" म्हणून कुठे सांगितलंत, की तुम्ही त्याच्या खोटेपणात सामील. मग परत येताना तो हवी ती रक्कम मागायला मोकळा.

तपासायला वेळ लागत नाही. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका. गाडीच्या वर्गापुढे भाड्याच्या गाडीला 'यूज्ड फॉर हायर' असं येतं. नुसतं स्कूटर एवढंच आलं तर खासगी. विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे तेही तिथेच दिसतं.

आता गाडीचं. ती धुतलेली होती, ओली. सीट फडक्याने पुसून दिली, बाकी अंगावर पाणी तसंच. त्या वेळी बरंच वाटलं, गाडी स्वच्छ मिळाली म्हणून. प्लास्टिकच्या रंगीत पॅनलवर पाण्याचा थर असला की बारीक ओरखडे दिसतच नाहीत, पाणी त्यात भरून सगळा पृष्ठभाग एकसारखा चकाकतो. पुढच्या पॅनलच्या खालच्या कोपऱ्यात देवाचं एक स्टिकर होतं, हाताच्या पंजाएवढं. उन्हात गाडी फिरली तशी त्याची कड सुटली. परत देताना त्या माणसाने सरळ नखाने ते स्टिकर ओढून काढलं आणि खालची चीर दाखवली. जवळजवळ चार बोटं लांब. त्याला ती कुठे शोधायची हे माहीत होतं!

ती चीर जुनी होती हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. ताजी चीर गेलेल्या रंगीत प्लास्टिकची कड पांढरट होते, वाकलेल्या जागी दुधाळ रेघ उमटते आणि आत काही नसतं. या चिरेत लाल माती बसून घट्ट झालेली होती आणि दोन्ही कडांना स्टिकरचा चिकट डिंक काळा पडला होता. स्टिकरच्या खाली, दोन दिवसांत, माती? मी बोटाने डिंक दाखवला. त्याचं उत्तर एकच, "गाडी तुमच्या ताब्यात होती."

त्याने कागदावर लिहून दिलेला हिशोब असा: पुढचं पॅनल ३,२००, बाजूचं पॅनल २,१००, रंगकाम १,४००, आणि गाडी चार दिवस गॅरेजला उभी राहणार त्याचं भाडं १,४००. एकूण ८,१००. बाजूच्या पॅनलला तर चीरही नव्हती, "जोडीनेच बदलावं लागतं" म्हणे. नंतर मी सुट्या भागांच्या दुकानात विचारलं, पुढचं पॅनल रंगासकट त्याच्या सांगितल्या किमतीच्या निम्म्यातही येतं. तासभर वाद झाला. दोन पोरं येऊन बाजूला उभी राहिली, काही बोलली नाहीत, नुसती उभी. लायसन्स खणात आणि मैत्रिणीची परतीची गाडी संध्याकाळची. शेवटी ६,५०० वर आलं. डिपॉझिटचे २,००० वळते करून ४,५०० यूपीआयने द्यावे लागले, तेही दुकानाच्या नाही तर दुसऱ्याच कुणाच्या नावावर. दोन बायका, अनोळखी जागा, गाडी सुटायची वेळ. आमच्या जागी कुणीही असतं तरी पैसे दिलेच असते.

लायसन्स किंवा आधार मूळ स्वरूपात कुणाच्या हाती देऊ नका. लायसन्स चालवणाऱ्याजवळच असायला हवं, ते ठेवून घ्यायचा त्याला अधिकार नाही. दाखवायचं तर डिजिलॉकरमधलं दाखवा, आधार द्यायचंच झालं तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार. कागद अडकला नसता तर आम्ही गाडी लावून सरळ निघून आलो असतो.

आणि आता ज्याने खरी चीड येते ते.

पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न, "पैसे तुम्ही स्वतःच पाठवले ना?" दुसरा, "पावतीवरचा नंबर आणि गाडीचा नंबर वेगळा कसा?" तिसरा, "पांढरी प्लेट दिसत असून घेतली कशी?" म्हणजे चौकशी आमचीच. भाडेवाल्याला फोन लावायचंही कुणाच्या मनात आलं नाही. मग ही दिवाणी बाब आहे, तुम्ही वाहतूक खात्याकडे जा. वाहतुकीच्या कार्यालयात म्हणाले, गाडी रस्त्यावर पकडली तर दंड करू, पैशांचं पोलिस बघतील. पर्यटनाच्या कचेरीत म्हणाले, तो नोंदणीकृत व्यावसायिक नाही, त्यामुळे आमच्या कक्षेत येत नाही. नोंदणीकृत नाही हीच तर तक्रार आहे! जो नोंदणी करतो त्याच्यावर कारवाई होऊ शकते आणि जो करत नाही तो कुणाच्याच कक्षेत नाही, हा कुठला न्याय? दुकान बंद दाराआड नाही, मुख्य रस्त्यावर आहे. पांढऱ्या प्लेटच्या गाड्या ओळीने बाहेर लावलेल्या असतात. नाक्यावर पर्यटकांचं हेल्मेट तपासायला माणसं असतात, त्या ओळीकडे बघायला कुणी नाही. चलान फाडायचं तर सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या पोरांचं, कारण ती उद्या निघून जाणार, भांडायला परत येणार नाहीत.

म्हणून ठाण्यात जाताना कलमं तोंडपाठ करून जा. "फसवणूक झाली" एवढंच म्हणालात तर हाकलून देतात. भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ आणि धाक घालून पैसे उकळणं कलम ३०८. कागद अडकवून, माणसं उभी करून पैसे घेतले असतील तर ३०८ चा आग्रह धरा, तिथे "स्वखुशीने पाठवले" हे उत्तर चालत नाही. हद्दीचं कारण सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द नसली तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. तरी नाकारलं तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली पोलिस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, टपालाने. मी तेच केलंय. तोंडी सांगून येऊ नका, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या.

व्हिडिओबद्दल सगळे सांगतात, पण कसा काढायचा ते सांगत नाहीत. गाडी कोरडी करून घ्या, ओली असेल तर फडकं मागा आणि स्वतः पुसा. सुरुवात नंबरप्लेटपासून, मध्ये न थांबवता, म्हणजे तुकडे जोडले असं कुणी म्हणू शकत नाही. पुढचं पॅनल आणि त्याचा खालचा कोपरा, दोन्ही आरसे, इंडिकेटरच्या काचा, ब्रेकच्या लिव्हरची टोकं (गाडी पडलेली असेल तर पहिली खूण तिथे), सायलेन्सरचं कव्हर, फुटबोर्डची कड, किलोमीटर, पेट्रोलचा काटा. जिथे स्टिकर असेल तिथे बोट फिरवा, खाली खाच लागते का बघा, आणि हे सगळं भाडेवाला बाजूला असताना, त्याचा आवाज येऊ दे. मग लगेच त्याच्याच व्हॉट्सॲपवर पाठवा. तो नाराज झाला तर गाडी घेऊ नका. आमच्याकडे फोटो होते, पण ओल्या गाडीचे, आणि स्टिकर जिथल्या तिथे.

पेट्रोल किती आहे तेही पाहून घ्या. काटा तळाला असतो आणि परत देताना उरलेलं तुमचं जातं. आमचे ३०० रुपयांतले निम्मे तरी टाकीतच राहिले.

दोघांचंच बजेट असेल तर स्कूटरवाचून अडत नाही, हे मी इथली म्हणून सांगते. पणजीहून फोंड्याकडे जाणाऱ्या बसने जुनं गोवं, मंगेशी, म्हार्दोळ एकाच रस्त्यावर होतं, बस बदलावी लागत नाही. जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये जायला तिकीट नाही, दारात कुणी "एंट्री" मागितली तर देऊ नका. जुन्या गोव्याहून दिवाडीला आणि रायबंदरहून चोडणला फेरीबोट आहे, पायी माणसाला पैसे पडत नाहीत. पणजी-म्हापसा आणि पणजी-मडगाव कदंबाच्या (गोव्याची सरकारी एसटी) शटल बसगाड्या आहेत, तिकीट आधी खिडकीवर मिळतं. एकट्याला थोडं अंतर जायचं असेल तर पिवळ्या मडगार्डचा पायलट (मोटरसायकल टॅक्सी), भाडं बसण्याआधी ठरवून.

पैसे देऊन झाले असतील तरी त्याच दिवशी भाडेवाल्याला मेसेज करा की लायसन्स अडकवून ठेवल्यामुळे इतके रुपये दिले, नुकसान मान्य नाही. निळ्या खुणा आल्या की त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, वकील नसला तरी चालतो. माझा अर्ज तयार आहे. यूपीआयची नोंद, दुसऱ्याच गाडीचा नंबर लिहिलेली पावती आणि त्याच्या हस्ताक्षरातला ८,१०० चा कागद सोबत जोडलाय. त्याच दुकानात कुणाचे पैसे असेच गेले असतील आणि पावती जपून ठेवलेली असेल तर मला कळवा, एकत्र अर्ज करू.