चाळिशीनंतरचा लाल ठिपका : ग्लॉक १९ वर रेड डॉट, आठ महिन्यांनी

माझं वय ५१. टेक्सासचं एलटीसी (पिस्तूल बाळगायचं) लायसन्स नूतनीकरणाला आलं, तेव्हा म्हटलं पहिल्यांदा दिलेली नेमबाजीची परीक्षा सरावासाठी पुन्हा देऊन बघू. परीक्षा ५० गोळ्यांची : २० गोळ्या ३ यार्डांवरून, २० सात यार्डांवरून आणि शेवटच्या १० पंधरा यार्डांवरून. पहिल्या चाळीस छान गेल्या. पंधरा यार्डांवर मात्र पुढची माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा खुंट) धुरकट दिसायला लागली. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. माशी स्पष्ट दिसायची तर हनुवटी वर करून काचेच्या खालच्या भागातून बघायचं, आणि तसं केलं की टार्गेट पुसट. मान वर-खाली करण्यातच वेळ जायचा. शाळेत एनसीसीच्या शिबिरात पॉइंट टू-टू रायफल चालवताना माशी सुईसारखी दिसायची. आता ती दिसत नाही, हे मान्य करायला मला वर्षभर लागलं.

चाळिशी लागलेल्या प्रत्येक नेमबाजाला मी रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची साइट) सुचवतो तो याच कारणासाठी. आतला छोटा एलईडी समोरच्या काचेवर प्रकाश टाकतो आणि काचेवरचा लेप तेवढाच लाल प्रकाश परत डोळ्याकडे पाठवतो. ठिपका काचेवर नाही, दूर टार्गेटवरच टेकलाय असं वाटतं. डोळ्याला मागची खाच, माशी आणि टार्गेट अशी तीन अंतरं जुळवावी लागत नाहीत. टार्गेटकडे बघायचं, बस्स. ही युक्ती नवी नाही. स्वीडनच्या एमपॉइंटने पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट १९७५ मध्ये आणली. स्लाइडचे (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचे) धक्के सोसणारी छोटी साइट मात्र अलीकडची. ट्रिजिकॉनची आरएमआर २००९ ची.

माझं पिस्तूल ग्लॉक १९ जेन ५ एमओएस, म्हणजे वर साइट बसवायची सोय असलेलं. स्लाइडवर कारखान्यातूनच खाच पाडलेली येते आणि साइटप्रमाणे प्लेट निवडायची असते. आरएमआरच्या फूटप्रिंटसाठी (तळाचा आकार आणि स्क्रूंच्या जागा) ०२ नंबरची प्लेट. मी घेतलेली होलोसन ५०७सी याच फूटप्रिंटची, किंमत तीनशे डॉलरच्या आसपास. आरएमआर टाइप २ माझ्या मते जास्त दणकट आहे, पण तिची बॅटरी पोटाखाली असते. बदलायची म्हणजे साइट उतरवा, पुन्हा बसवा आणि झिरो (ठिपका आणि गोळी एका जागी जुळतात का ते) तपासा. होलोसनची सीआर१६३२ बॅटरी बाजूच्या कप्प्यातून निघते. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. सिग पी३६५ सारखं अरुंद पिस्तूल असेल तर फूटप्रिंटही लहान लागतो, हे साइट घेण्याआधीच बघा.

ठिपका किती मोठा घ्यावा, यावर लोक तासन् तास बोलतात. एमओए हे कोनाचं माप; एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच. २ एमओएचा ठिपका २५ यार्डांवर अर्धा इंच झाकतो, ६ एमओएचा दीड इंच. माझ्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यामुळे ठिपका मला स्वल्पविरामासारखा, शेपूट असलेला दिसतो. पहिल्या दिवशी वाटलं, साइट बिघडलेलीच आली. मग मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर ठिपका गोल! दोष डोळ्यात होता. उजेड दोन पायऱ्या कमी केला की शेपूट आखडते. त्याउपर ठिपक्याभोवतीचं ३२ एमओएचं वर्तुळ चालू केलं की मधला ठिपका कसाही दिसो, मध्य चटकन सापडतो. आता मी वर्तुळ आणि ठिपका दोन्ही चालू ठेवतो.

आता बसवण्याबद्दल. या अनुभवातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

फेब्रुवारीत साइट दुकानातच बसवून घेतली. पंधरा मिनिटांत पिस्तूल हातात आलं आणि मी खूश. साडेतीनशे गोळ्यांनंतर माझा ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका) डावीकडे सरकायला लागला. आधी वाटलं चाप ओढताना माझाच हात वळतोय, म्हणून दोन रविवार त्यावरच घालवले. तिसऱ्या रविवारी सहज अंगठ्याने साइट ढकलली तर ती किंचित हलली. घरी उघडून पाहिलं, तर स्क्रूंवर लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) मागमूस नाही, उलट आट्यांना तेल लागलेलं. दोन रविवार स्वतःला दोष देण्यात गेले, त्याचं वाईट अजून वाटतं.

मग स्वतः बसवायचं ठरवलं आणि माझ्याकडून वेगळी चूक झाली. प्लेट स्लाइडला दोन स्क्रूंनी धरलेली असते. माझ्या पाकिटात वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू होते, त्यातले थोडे लांब दोन मी लावले; म्हटलं, जास्त आटे तर पकड जास्त. रेंजवर प्रत्येक मॅगझिनमध्ये दोन-तीनदा पिस्तूल अडकायला लागलं. रिकामी पुंगळी नीट बाहेर फेकली जायची नाही, तोंडाशीच उभी राहायची. गोळ्या बदलल्या, मॅगझिन बदललं, काही फरक नाही. कारण असं की उजव्या बाजूच्या स्क्रूच्या भोकाखालूनच एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला) दाबून धरणाऱ्या प्लंजरची (स्प्रिंगवरच्या दांडीची) नळी जाते. स्क्रू लांब असला की त्याचं टोक नळीत घुसून प्लंजरला अडवतं. एक्स्ट्रॅक्टर मोकळा राहत नाही, पुंगळीवर पकड धड बसत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. पिस्तूल रिकामं करून स्लाइड उतरवा. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा बारीक काडीने बाहेर ढकला. तो स्प्रिंगवर हलून लगेच परत आला पाहिजे. उजवा स्क्रू सैल केल्यावर आकडा मोकळा होत असेल तर चोर सापडला. उजवीकडे आखूड स्क्रू लावल्यापासून सोळाशेच्या वर गोळ्या झाडल्या. साइटमुळे पिस्तूल एकदाही अडकलेलं नाही.

आता माझी रीत ठरलेली आहे. स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसून कोरडी करायची. निळ्या लॉकटाइटचा एकच थेंब, तोही स्क्रूच्या टोकाला. जास्त लावलं तर ते ओघळून त्याच प्लंजरच्या नळीत जातं. स्क्रू टॉर्क मोजणाऱ्या स्क्रूड्रायव्हरनेच आवळायचे. आरएमआरसाठी ट्रिजिकॉन १२ इंच-पौंड सांगते, मीही तेवढंच ठेवतो. हाताच्या अंदाजाने आवळले तर एक सैल राहतो आणि दुसऱ्याची मान तुटते. मग २४ तास हात लावायचा नाही. शेवटी बायकोच्या नेलपॉलिशने स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर एक बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. दर वेळी रेंजवर जाताना आधी ती रेघ बघतो.

झिरो मी २५ यार्डांवर केला, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून, पाच-पाच गोळ्यांच्या ग्रुपने. या साइटचा एक क्लिक एक एमओए, म्हणजे २५ यार्डांवर पाव इंच. ग्रुप ३ इंच खाली आणि दीड इंच डावीकडे होता, म्हणून १२ क्लिक वर आणि ६ क्लिक उजवीकडे. एका गोळीवर क्लिक फिरवू नका, ग्रुपचा मध्य धरा. साइट नळीच्या वर बसलेली असल्यामुळे ३ यार्डांवर गोळी ठिपक्याच्या पाऊण-एक इंच खाली लागते, हे डोक्यात असू द्या.

पहिले तीन आठवडे ठिपका सापडतच नव्हता. पिस्तूल वर आणलं की काच रिकामी आणि मनगट गोल गोल फिरतंय. अनेक जण इथेच वैतागून साइट विकतात, कृपा करून विकू नका. मी रोज संध्याकाळी दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलावर सराव केला. गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, चेंबर दोनदा डोळ्याने आणि एकदा बोटाने तपासलेलं. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, मग डोळे उघडायचे. ठिपका वर गेला असेल तर मनगट पुढे झुकवायचं. समोरच्या काचेवर कागदी चिकटपट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवण्याचा सराव तर फारच उपयोगी पडला. एक डोळा टार्गेट बघतो, दुसरा ठिपका, आणि मेंदू दोन्ही एकत्र आणतो. मेपर्यंत ठिपका आपोआप समोर यायला लागला. पंधरा यार्डांवरच्या दहा गोळ्या आता तळहाताएवढ्या जागेत येतात, मान वर न करता.

तक्रार एकच, आणि ती या उघड्या प्रकारच्या सगळ्याच साइटना लागू आहे. एलईडी आणि काच यांच्यामधली जागा मोकळी असते. कमरेला बाळगल्यावर शर्टाची लव तिथे जमते, आणि एलईडीसमोर एक तंतू आला तरी ठिपका फुलतो. आठवड्यातून एकदा कानातल्या काडीने हलकेच साफ करतो. पावसाचा थेंब तिथे बसला तर ठिपका दिसेनासा होऊ शकतो. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात एसी गाडीतून बाहेर पाऊल टाकलं की काचेवर वाफ धरते, थोडा वेळ सगळं धूसर. म्हणून रेड डॉटच्या मागे-पुढे उंच लोखंडी साइट (नेहमीची खाच आणि माशी) बसवून घेतल्या. मूळच्या इतक्या बुटक्या की काचेतून दिसतच नाहीत. होल्स्टरही साइटसाठी कापलेला नवा घ्यावा लागला. हा खर्च आधीच धरा.

नुसता ठिपका चालू असेल तर बॅटरीसाठी कंपनी ५०,००० तास सांगते आणि साइट हलवली की आपोआप जागी होते. तरी मी बॅटरी वर्षातून एकदा बदलायची ठरवलंय. गेल्या आठवड्यात खंडेनवमीला पिस्तूल रिकामं करून पुजलं, हळदकुंकू वाहिलं आणि त्याच बैठकीत नवी बॅटरी घातली. झिरो जराही हलला नाही.

बायकोच्या पिस्तुलासाठी मी बंद प्रकारची साइट घेतली आहे. तिच्यात एलईडी दोन काचांमध्ये सीलबंद असतो, लव आत जायला वाटच नाही. काल रात्री ती बसवली. स्लाइड टेबलावर आहे, लॉकटाइट सुकतंय, उद्या नेलपॉलिशची रेघ ओढायची आहे.