जुना रेल्वेमार्ग की जंगलातली कच्ची वाट?

मोटारी नकोत, पण डोंगर हवेतच, अशा सायकल सफरीला दोन वाटा असतात: बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची सायकलवाट, नाहीतर जंगलातली कच्ची वाट.

रेल्वेच्या वाटेवर चढ फारसा जाणवत नाही. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून तो सहसा शंभर मीटरला दोन मीटरच्या आतच ठेवलेला असतो. सामानाने लादलेली सायकलही एका लयीत चालते. इंग्लंडमधली मॉन्सल ट्रेल घ्या. १९६८ मध्ये बंद पडलेला मार्ग, २०११ पासून त्यातले बोगदेही खुले. भर दुपारी अशा बोगद्यात शिरलं की अंगावर गारवा येतो, डोळे सरावायला जरा वेळ लागतो. मात्र सुटीच्या दिवशी चालणारे, मुलं, कुत्री; वेग आवरावाच लागतो.

कच्च्या वाटेवर ही गर्दी नाही. पण चढ दहा टक्क्यांवर गेला की मागचं चाक खडीवर नुसतंच फिरतं आणि उतरून ढकलावं लागतं. ४५ मिलिमीटरचे टायर, त्यात हवा थोडी कमी, एवढं हवंच.

सोबत मुलं असतील तर रेल्वेची वाटच घ्या. एकट्याने दोन दिवस काढायचे असतील तर मी कच्ची निवडेन. माथ्यावर फक्त वारा आणि आपला श्वास ऐकू येतो.