जेमिसन्स ऑफ शेटलंडची 'स्पिनड्रिफ्ट': चौकडीच्या शालीसाठी कशी?

२५ ग्रॅमचा एवढासा गुंडा, त्यात १०५ मीटर धागा. एका शालीला असे १४ गुंडे लागतात म्हटल्यावर आधी टोकं लपवण्याचा कंटाळा डोळ्यांपुढे येतो. पण शाल लांबीच्या बाजूने गोल सुईवर नळीसारखी विणून मग कापून उघडायची असेल, तर ही लोकर जरूर घ्या. टोकांचा प्रश्न कापताना आपोआप सुटतो.

शेटलंड बेटांवरच्या सँडनेसच्या गिरणीत कातलेली ही निव्वळ मेंढीची दुपदरी लोकर. तंतू आधी रंगवून, मिसळून मग कातल्यामुळे एकाच राखाडीत निळसर, तपकिरी असे बारीक तंतू दिसतात. सुंदरच, पण चौकडी बिघडते ती इथेच. साध्या चौकडीला तीन छटा लागतात आणि एका ओळीत दोनच चालतात: सहा ओळी गडद आणि मधली, पुढच्या सहा मधली आणि फिकट. मधली छटा गडदकडे झुकली तर गडद ओळींतले चौकोन हरवतात, तिथे नुसता पट्टा उरतो. तिन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. तीन वेगळ्या पायऱ्या दिसल्या तरच घ्या.

३.२५ मिमीच्या सुईवर १० सेंमीत ३० टाके, ३२ ओळी बसतात. म्हणून ६ टाके × ६ ओळींचा चौकोन जवळपास चौरस येतो. लांबीत ८५ चौकोन, म्हणजे ५१० टाके (१७० सेंमी), रुंदीत २५. शिवाय झालरीसाठी ३० जादा टाके, जे शेवटी उसवून कापायचे. दोन्ही लांब कडांना मधल्या रंगात सहा-सहा ओळी, एक सुलट एक उलट, नाहीतर कड गुंडाळते. मधल्या रंगाचे ७ गुंडे, गडदचे ४, फिकटचे ३. तिन्ही सारखे घेतले की मधला संपतो, आणि नंतर मागवलेल्याची रंगाची लॉट जुळेलच असं नाही.

मधला रंग कायम वरून, दुसरा खालून चालवा. खालचा धागा उठून दिसतो. मध्येच अदलाबदल झाली तर त्या पट्ट्यात चौकोन फिके पडतात. सहा टाक्यांमागून मोकळा जाणारा दुसऱ्या रंगाचा धागा दोन सेंमीचा, तो मध्ये अडकवायची गरज नाही. फक्त रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके पसरून घ्या, नाहीतर शाल आकसते.

रंग बदलणं, नवा गुंडा जोडणं, सगळं त्या ३० टाक्यांत करा. तिथे दोन्ही रंग आलटून पालटून, टाक्याआड टाका. शेवटी ५१० टाके बंद करा आणि ३० सुईवरून सोडून खालपर्यंत उसवा. हे टाके सहज उसवत नाहीत, एकेक ओळ बोटाने ओढावी लागते. पण याच चिवटपणामुळे शेजारचा टाका जागचा हलत नाही. गुळगुळीत सुपरवॉश मेरिनोत (यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली मेरिनो लोकर) तो सरकतो, म्हणून ती या कामाला नको. उसवल्यावर शिडीसारखे धागे सुटतात. एका वेळी चार-पाच ओळीच मधोमध कापा आणि लगेच गाठ मारा. प्रत्येक बाजूला साधारण १० सेंमी धागा मिळतो, गाठीत दोनेक जातात. जोडांची टोकं त्यातच खपतात.

उणं म्हणाल तर ती टोचते. धुतल्यावर फुलून बरीच मऊ होते, तरी उघड्या मानेला जाणवतेच. शिवाय शालीला सुलट-उलट बाजू राहते आणि मागच्या धाग्यांत बांगड्या, अंगठ्या अडकतात. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून वीस मिनिटं भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा, टाचण्या लावून आडवी वाळवा. एकदा धुतली की मागचे धागे कापडाला धरून राहतात आणि अडकणं बरंच कमी होतं. गरम पाण्यात चोळली तर मात्र नमदा झालाच म्हणून समजा.