‘घेतली असती’चं इंग्रजी कोणतं: ‘वुड टेक’ की ‘वुड हॅव टेकन’?

परवा इंदूरच्या रामबागेत भाचीचा अभ्यास घेत होते. ‘इफ आय वर यू, आय ___ द जॉब.’ शेवटी दोन पर्याय उरले, ‘वुड टेक’ आणि ‘वुड हॅव टेकन’. तिने दुसऱ्यावर पेन्सिलीने गोल केला. म्हणाली, “मावशी, ‘मी तुझ्या जागी असते तर नोकरी घेतली असती.’ घेतली असती, म्हणजे हॅव टेकनच ना?”

तिला दोष कसा द्यायचा? आपलं ‘घेतली असती’ आजच्या कल्पनेलाही चालतं आणि हातून गेलेल्या गोष्टीलाही. इंग्रजी हे दोन वेगळे ठेवते. ‘वुड टेक’ आजच्या कल्पनेसाठी. तिथे ‘इफ’च्या भागात ‘वर’ किंवा साधा भूतकाळ असतो. ‘वुड हॅव टेकन’ संधी गेल्यावरचं. तिथे ‘हॅड’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप. ‘इफ द बस हॅड कम ऑन टाइम, आय वुड हॅव कॉट द ट्रेन.’ गाडी सुटली, आता काही होणार नाही.

म्हणून या जोडीत मनातलं भाषांतर बाजूला ठेवा आणि दिलेला अर्धा भाग वाचा. ‘वर’ दिसलं की सहसा ‘वुड टेक’. ‘हॅड’ आणि तिसरं रूप दिसलं की बहुतेक वेळा ‘वुड हॅव’. बहुतेक म्हणते, कारण ‘इफ ही हॅड टेकन द मेडिसिन लास्ट नाइट, ही वुड बी फाइन नाऊ’ हेही बरोबर आहे. औषध कालचं, बरं वाटणं आत्ताचं. तो ‘नाऊ’ नजरेतून सुटला की उत्तर गेलं.

‘इफ इट रेन्स’ की ‘इफ इट विल रेन’, यात मात्र मराठीवर खुशाल विसंबा. आपण ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ म्हणतो, ‘तर’च्या आधी भविष्यकाळ घालत नाही. इथली मुलं दिवसभर हिंदीत बोलतात, ‘बारिश होगी तो’ कानात बसलेलं असतं, आणि तिथून ‘विल’ घुसतो. उत्तर ‘रेन्स’.

‘हॅड आय नोन’ म्हणजे ‘इफ आय हॅड नोन’च, त्यात ‘इफ’ गळालेलाच असतो. ‘इफ हॅड आय नोन’ दिसलं की खोडा.

एसएससी सीजीएल या केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात बरोबर उत्तराला २ गुण, चुकीला ०.५० वजा. दोनच पर्याय उरले असतील तर प्रश्न सोडू नका.