मॅक मिनीवर विंडो आवरणं: सोलापूरच्या डीटीपी दुकानांसाठी परीक्षण

विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे डीटीपीच्या दुकानांतली बरीच जुनी मशीन त्यात बसत नाहीत. नवं घ्यायचंच आहे तर ॲपलचा छोटा संगणक मॅक मिनी का नको, हा विचार साहजिक आहे. एम4 चिपचं साधं मॉडेल, 16 जीबी मेमरी आणि 256 जीबी स्टोरेजचं, भारतात 59,900 रुपयांना आलं. वेगाबद्दल शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर, डिझाइन कोरलमध्ये, जुना नमुना पीडीएफमध्ये, फोटो फोल्डरमध्ये, आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं. अशा कामात हात दिवसभर एका विंडोतून दुसऱ्या विंडोत जात असतो, आणि विंडोजवरून मॅकवर आलेला माणूस नेमका तिथेच अडखळतो. हे परीक्षण तेवढ्यापुरतंच आहे: मॅकची सिस्टम मॅकओएस, तिची सिक्वोया, म्हणजे आवृत्ती 15, आणि त्यानंतरची ताहो.

सुरुवात कीबोर्डपासून करावी लागते, कारण मिनीबरोबर कीबोर्ड, माउस, मॉनिटर काहीच येत नाही. दुकानातलाच जुना कीबोर्ड लावायचा तर एम4 मिनीला जुन्या चौकोनी यूएसबीचं एकही पोर्ट नाही. पुढे दोन आणि मागे तीन टाइप-सी आहेत. एक हब किंवा कन्व्हर्टर त्याच दिवशी घ्या. कीबोर्ड जोडला की विंडोज की कमांडचं काम करते आणि ऑल्ट की ऑप्शनचं. ॲपलच्या कीबोर्डवर स्पेसबारला लागून कमांड असते, इथे मात्र ती एक घर लांब जाते. सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात कीबोर्ड शॉर्टकट्स, त्यात मॉडिफायर कीज उघडा आणि कमांड व ऑप्शनची अदलाबदल करा. यात दुहेरी फायदा आहे. कमांड अंगठ्याखाली येते, आणि ऑल्ट-टॅब दाबायची जुनी सवय तशीच कमांड-टॅब म्हणून चालते. ही अदलाबदल प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळी जपली जाते. उद्या कीबोर्ड बदलला आणि कीज पुन्हा उलट्या वागू लागल्या तर मशीन बिघडलेलं नसतं. त्याच पानावर वरच्या यादीत नवा कीबोर्ड निवडून तेच पुन्हा करायचं असतं.

आता मुख्य फरक. विंडोज विंडो मोजतं, मॅक ॲप मोजतं. मॅकवर लाल बटण दाबलं की विंडो बंद होते, पण ॲप चालूच राहतं, जसं गिऱ्हाईक उठून गेलं तरी दुकान उघडंच असतं. डॉकमध्ये, म्हणजे ॲपच्या आयकॉनच्या पट्टीत, आयकॉनखाली ठिपका दिसतो, तो त्याचीच खूण. ॲप खरोखर बंद करायचं तर कमांड-क्यू. सिस्टम सेटिंग्जसारखी काही एक-विंडोची ॲप लाल बटणाने पूर्ण बंद होतात, म्हणून नवा माणूस जास्तच गोंधळतो. दिवसाअखेर डॉकमध्ये पंधरा ठिपके दिसले तर घाबरू नका, पण फोटोशॉपसारखी जड ॲप क्यूने बंद करायची सवय लावा.

ॲप मोजण्याची हीच पद्धत विंडो बदलताना सगळ्यात जास्त त्रास देते, आणि या बाबतीत मॅक विंडोजच्या मागे आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. कमांड-टॅब दाबलं की ॲप बदलतं, विंडो नाही. कोरलमध्ये तीन पत्रिका उघड्या असतील तर कमांड-टॅबच्या पट्टीवर कोरल एकदाच दिसेल. त्याच ॲपमधल्या पुढच्या विंडोवर जायला कमांड धरून टॅबच्या वरची की दाबावी लागते. ही जोडी हाताला बसेपर्यंत चिडचिड होते, बसली की काम बरंच वेगाने होतं. त्याहून वाईट भाग मिनिमाइझचा. पिवळ्या बटणाने किंवा कमांड-एमने खाली पाठवलेली विंडो कमांड-टॅबने परत येत नाही. ॲप पुढे येतं, वरचा मेनू बदलतो, पण पडद्यावर काहीच नाही. उपाय असा: कमांड-टॅबने आयकॉनवर या, कमांड न सोडता ऑप्शन दाबून धरा, आणि मग कमांड सोडा. विंडो वर येते. पण रोजच्या कामात हे करत बसण्यापेक्षा मिनिमाइझ वापरूच नका. त्याऐवजी कमांड-एच वापरा. त्याने अख्खं ॲप लपतं आणि कमांड-टॅबने जसंच्या तसं परत येतं. कमांड-ऑप्शन-एच केलं तर समोरचं सोडून बाकी सगळी ॲप लपतात. गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवताना दुसऱ्याची पत्रिका त्याच्या नजरेला पडू नये, यासाठी याहून सोपा मार्ग नाही.

फोटो ओढून दुसऱ्या ॲपमध्ये टाकणं मात्र मॅकवर छान जमतं. फाइंडरमधून, म्हणजे मॅकच्या फायली दाखवणाऱ्या ॲपमधून, फोटो माउसने उचला, बटण सोडू नका, दुसऱ्या हाताने कमांड-टॅब करून व्हॉट्सॲपवर या, मग सोडा. एकावर एक विंडो असल्या तरी चालतं, आधी शेजारी-शेजारी मांडायची गरज नाही.

मांडणीबद्दल बोलायचं तर विंडोज 7 ने 2009 मध्ये विंडो कडेला ओढून बसवायची जी सोय दिली, ती मॅकला नीट यायला सप्टेंबर 2024 उजाडला. पण जे दिलंय ते चांगलं आहे. विंडो डाव्या किंवा उजव्या कडेला ओढली की अर्धा पडदा, कोपऱ्यात ओढली की पाव, वरच्या मेनूपट्टीवर नेली की पूर्ण. कडेपर्यंत ओढायचं नसेल तर ओढताना ऑप्शन धरा, विंडो कुठे बसणार ते लगेच दिसतं. हिरव्या बटणावर माउस नेऊन थांबलं की मांडणीची चित्रं येतात. मांडलेल्या विंडोंच्या भोवती थोडी मोकळी चौकट राहते, ती सिस्टम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप अँड डॉकच्या पानावर विंडोज नावाच्या भागात बंद होते. लहान मॉनिटरवर ती बंदच करा, तेवढीच जागा मिळते.

कीबोर्डवरून मांडायचं तर मूळ शॉर्टकट एफएन-कंट्रोल आणि बाण असे आहेत, आणि इथे साध्या कीबोर्डवाल्याची अडचण होते. त्याची एफएन की, असली तरी, मॅकपर्यंत पोचतच नाही. कीबोर्ड शॉर्टकट्सच्या यादीत विंडोज नावाचा विभाग आहे, तिथे हे सगळे शॉर्टकट बदलता येतात. डावा अर्धा कंट्रोल-ऑप्शन-डावा बाण, उजवा अर्धा कंट्रोल-ऑप्शन-उजवा बाण, पूर्ण पडदा कंट्रोल-ऑप्शन-वरचा बाण, पूर्वीचा आकार कंट्रोल-ऑप्शन-खालचा बाण, असं ठेवा. पडद्याच्या चार पाव भागांनाही हवी ती की देता येते. इतकं केलं की विंडोज की आणि बाण दाबायची जुनी सवय नव्या जागी पटकन बसते.

एक गोष्ट मात्र सेटिंगने सुटत नाही. प्रत्येक ॲपची एक किमान रुंदी असते आणि मॅक ती मोडत नाही. 1366 बाय 768 च्या जुन्या मॉनिटरवर कोरल अर्ध्यात मावत नाही आणि शेजारच्या विंडोवर चढतं. दोन विंडो शेजारी हव्या असतील तर निदान फुल एचडी मॉनिटर धरा. अक्षरांची धार हवी असेल तर 27 इंची 4के. 2018 च्या मोहावे आवृत्तीपासून मॅकने अक्षरांच्या कडा विंडोजच्या पद्धतीने गुळगुळीत करणं बंद केलं, त्यामुळे फुल एचडीवर बारीक टाइप थोडा फिकट, मऊ दिसतो. पत्रिकेच्या आठ पॉइंटच्या ओळीत अनुस्वार तपासताना हे जाणवतं.

हिरवं बटण सरळ दाबू नका. ते मॅक्सिमाइझ नाही. त्याने विंडो वेगळ्या पडद्यावर जाते, डॉक आणि मेनू लपतात, आणि बाकीचं सगळं गायब झाल्यासारखं वाटतं. अडकलात तर कंट्रोल-कमांड-एफने बाहेर या. विंडोजसारखं मोठं करायचं असेल तर टायटल पट्टीवर डबल क्लिक करा, आणि डेस्कटॉप अँड डॉकमध्ये डबल क्लिकचं काम फिल असं ठेवा.

त्याच पानावर आणखी दोन बदल पहिल्याच दिवशी करा. वॉलपेपरवर क्लिक केलं की सगळ्या विंडो झटकन कडेला सरकतात. मशीनला काहीतरी झालं असं वाटायला लावणारं हेच ते सेटिंग. ते फक्त स्टेज मॅनेजरपुरतं, म्हणजे बाकीच्या विंडो पडद्याच्या कडेला रचून ठेवणाऱ्या सोयीपुरतं, ठेवा. दुसरं, वापरानुसार स्पेसेसचा, म्हणजे एकाच पडद्यावरच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपचा, क्रम आपोआप बदलण्याचं सेटिंग बंद करा. स्टेज मॅनेजरचं म्हणाल, तर डीटीपीच्या कामात त्याचा उपयोग नाही. पडद्याची डावी बाजू खातं आणि एकाच ॲपच्या तीन फायली एकत्र ढकलतं.

स्पेसेस मात्र मॅकची खरी ताकद आहे, आणि विंडोजवरून आलेले बहुतेक जण ती वापरतच नाहीत. कंट्रोल-वरचा बाण दाबा, वर उजवीकडे अधिकचं चिन्ह येतं, त्याने नवे डेस्कटॉप तयार करा. पहिल्यावर चालू डिझाइन, दुसऱ्यावर ब्राउझर आणि बिलं, तिसऱ्यावर प्रेसला पाठवायच्या फायली. कंट्रोल आणि डावा-उजवा बाण दाबला की बदल. व्हॉट्सॲप सगळीकडे लागतं, म्हणून डॉकमधल्या त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून ऑप्शन्समध्ये ऑल डेस्कटॉप्स निवडा. हा पर्याय एकापेक्षा जास्त डेस्कटॉप असतील तरच दिसतो. गड्डा यात्रेच्या दिवसांत फ्लेक्सची आणि लग्नसराईत पत्रिकांची कामं एकात एक घुसतात, तेव्हा एका गिऱ्हाइकाला एक डेस्कटॉप ही शिस्त फार उपयोगी पडते.

मराठी टायपिंगचा विंडोशी थेट संबंध आहे, आणि हे कोणी सांगत नाही. इंग्रजी-मराठी बदल कंट्रोल-स्पेसने होतो. कमांड-स्पेस दाबलं तर स्पॉटलाइटचा शोध उघडतो. कीबोर्डच्या इनपुट सोर्सेसमध्ये डॉक्युमेंटनुसार भाषा आपोआप बदलण्याचं सेटिंग आहे. ते चालू केलं की मजकुराच्या फाइलवर मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी, असं प्रत्येक जागेला आपापलं राहतं. बंद ठेवलं तर एका विंडोत मराठी केलं की ती पुढच्याही विंडोत येते आणि ईमेलचा पत्ता देवनागरीत टाइप होतो.

एवढं करूनही ॲपऐवजी विंडोच्या हिशेबाने फिरायची सवय सुटत नसेल तर ऑल्टटॅब नावाचं मुक्तस्रोत ॲप टाका. प्रत्येक विंडो वेगळी दिसते, छोट्या चित्रासकट. त्याला ॲक्सेसिबिलिटी आणि चित्रांसाठी स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. सिक्वोया ही दुसरी परवानगी अधूनमधून पुन्हा विचारतं, ते चालू द्या. मांडणीसाठी रेक्टँगल हे मोफत ॲप आहे, त्यात पडद्याचे तीन भागही करता येतात. त्याचे शॉर्टकटही कंट्रोल-ऑप्शन आणि बाणांवर आहेत. ते वापरणार असाल तर वर सांगितलेले बदल करू नका, आणि मॅकचं स्वतःचं कडेला ओढायचं सेटिंग बंद करा. दोन्ही चालू राहिली की एकाच ओढण्यावर दोघं भांडतात.

दोन मॉनिटर असतील तर डिस्प्लेज हॅव सेपरेट स्पेसेस हे सेटिंग चालूच ठेवा. बंद केलं तर एका पडद्यावर फुलस्क्रीन केलं की दुसरा काळा होतो. चालू ठेवल्याची किंमत एवढीच की एक विंडो दोन पडद्यांवर पसरवता येत नाही. बदल लॉगआउट केल्यावर लागू होतो.

ज्यांचा जुना मजकूर पेजमेकरच्या फायलींत अडकलाय, किंवा हिशेब टॅलीवर आहे, त्यांनी जुनं मशीन विकू नये. दोन्ही या मॅकवर थेट चालत नाहीत. जॅकार्डचं डिझाइन सॉफ्टवेअर वापरणाऱ्या चादर-टॉवेलवाल्यांनीही आपल्या पुरवठादाराकडून मॅकची खात्री आधी करून घ्यावी.

विक्रेत्याकडे जाताना स्वतःचा कीबोर्ड आणि टाइप-सी कन्व्हर्टर बरोबर न्या. डेमोच्या मशीनवर फाइंडरच्या तीन विंडो आणि ब्राउझर उघडा. कमांड आणि टॅबच्या वरची की दाबून तीन विंडोंतून फिरा, एक विंडो डावीकडे आणि एक उजवीकडे लावा, एक फोटो ओढत कमांड-टॅब करून दुसऱ्या ॲपमध्ये टाका, आणि कंट्रोल-स्पेसने भाषा बदलून दोन ओळी मराठी टाइप करा. कीबोर्डच्या कीज या चार कामांत अडल्या तर ॲपलचा कीबोर्ड त्याच बिलात धरा.