सेंट अँड्रूज की नॉर्थ बेरिक: गोल्फ कोर्सची आखणी बघायची हौस असेल तर राउंड कुठे खेळायचा?

स्कॉटलंडला एडिनबरात तीन-चार दिवस आहोत, स्कोअरपेक्षा कोर्स कसा आखलाय हे बघण्यात जास्त रस आहे, खिशाला एकच मोठा राउंड परवडेल, तर सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स की नॉर्थ बेरिकचा वेस्ट लिंक्स? हा प्रश्न मला वर्षभरात तिघांनी विचारला, दोघं पुण्याचे आणि एक जण दुबईत असतो, आणि फोनवर सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतो. माझं मत आधीच सांगतो, राउंड नॉर्थ बेरिकला खेळा आणि ओल्ड कोर्स पायी बघा. पण काही जणांना मी बरोब्बर उलटं सांगेन, ते कोण ते पुढे येईलच.

आपण ज्या कोर्सवर शिकतो तिथे दोन्ही बाजूंना झाडं असतात, दिल्ली गोल्फ क्लबला तर झाडी इतकी दाट की सरळ मारलं नाही तर बॉल गेलाच समजा, त्यामुळे बॉल उंच उडवायचा आणि ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, नेऊन टाकायचा ही सवय हाडात मुरलेली असते. लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या कोर्सवर, तसं नसतं. वाळूवर उगवलेलं बारीक गवत, खाली जमीन टणक, झाड एकही नाही, वारा दुपारी एक आणि चारला दुसराच, आणि बॉल पडल्यावर थांबत नाही, घरंगळत राहतो. म्हणजे अर्धा शॉट तुम्ही मारता आणि उरलेला अर्धा जमीन मारते. आखणी समजून घ्यायची म्हणजे हा जमिनीचा अर्धा भाग वाचायला शिकायचं, आणि त्यासाठी हे दोन्ही कोर्स उत्तमच आहेत, फक्त शिकवायची पद्धत दोघांची एकदम वेगळी.

नॉर्थ बेरिक डोळ्यांना लगेच कळतो. तिसऱ्या होलला फेअरवेतून, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यातून, आडवी दगडी भिंत जाते. तेराव्याला, ज्याला पिट म्हणतात, ग्रीनच्या अगदी पुढ्यात कमरेएवढा गडगा आहे, आपल्या कोकणात वाडीभोवती असतो ना अगदी तसाच, आणि ग्रीन त्याच्या पलीकडे खळग्यात. भिंत आधीची आणि गोल्फ नंतरचा, ती पाडण्याऐवजी तिच्यावरून खेळायचं ठरवलं गेलं आणि त्यातून जगातलं एक भन्नाट होल तयार झालं. चौदाव्याला शेवटचा शॉट टेकाडावरून आंधळा, ग्रीन खाली समुद्राला लागून, तुम्हाला दिसतच नाही. सोळाव्याचं ग्रीन म्हणजे दोन उंचवटे आणि मधे खोल घळ, चुकीच्या उंचवट्यावर बॉल पडला तर पुढचा पट (ग्रीनवर पटर नावाच्या काठीने बॉल घरंगळवायचा शॉट) घळीतून खाली जाऊन पुन्हा वर चढवायचा.

आणि पंधरावं, रेडान. क्रिमियाच्या युद्धातल्या सेव्हास्तोपोलच्या तटबंदीवरून हे नाव पडलं. पार तीन, म्हणजे तीन शॉटांत संपवायचं, साधारण १९० यार्ड. ग्रीन तिरकं बसवलंय, पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे, उतारही त्याच दिशेला म्हणजे तुमच्यापासून दूर जाणारा, आणि डाव्या हाताला पुढे खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. टीवरून, म्हणजे पहिला शॉट मारतो त्या जागेवरून, ग्रीनचा पृष्ठभाग नीट दिसत नाही, मधे वरंबा आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा झेंडा दिसला म्हणून सरळ झेंड्यावर मारला, बॉल बंकरात, समोर माझ्या डोक्यापेक्षा उंच भिंत, शेवटी मागच्या बाजूला काढावा लागला. पुढच्या वर्षी परत गेलो आणि मन घट्ट करून झेंड्याच्या चांगलंच उजवीकडे मारला, बॉल वरंब्यापलीकडे नाहीसा झाला, वर चढून बघतो तर उजव्या खांद्यावर पडल्याची खूण होती आणि बॉल तिथून उतारावरून पंधरा-वीस पावलं खाली घरंगळत झेंड्याजवळ जाऊन बसलेला. त्या क्षणी मला कळलं की ग्रीन उतरतं कुठल्या दिशेला हा प्रश्न बॉल कुठे टाकायचा याच्या आधी विचारायचा असतो. कोर्स आखणाऱ्या चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डने हीच कल्पना उचलून न्यूयॉर्कजवळ नॅशनल गोल्फ लिंक्सला चौथं होल केलं, तो कोर्स १९११ ला उघडला, आणि तिथून पुढे जगभर इतके रेडान झाले की आखणीत सगळ्यात जास्त नक्कल झालेलं होल हेच असं म्हणतात. मूळ बघायचं तर ते इथे.

ओल्ड कोर्सचं तसं नाही, तिथे पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास विचारतो की यात एवढं काय आहे. सपाट दिसतो. १ आणि १८ चा फेअरवे एकच, मधून चक्क गावचा रस्ता जातो. बॉबी जोन्ससारखा खेळाडू १९२१ च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धेत, अकराव्या होलला वैतागून राउंड सोडून गेला होता, आणि तोच माणूस १९२७ ला तिथेच ओपन जिंकला, पुढे याच कोर्सवर जीव ओवाळून टाकायचा, आणि त्याने आखणीकार अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीसोबत अमेरिकेतला ऑगस्टा कोर्स आखला तेव्हा डोक्यात ओल्ड कोर्स होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण हा कोर्स एका राउंडमध्ये उलगडत नाही, जोन्सला नाही उलगडला तिथे तुमची-माझी काय कथा.

उलगडतं ते असं. जाताना आणि येताना फेअरवे शेजारी-शेजारी आहेत, धोका बहुतेक वेळा उजवीकडे, म्हणजे डावीकडे मारलं की जागाच जागा. पण डावीकडून ग्रीनकडे बघितलं की बंकर किंवा उंचवटा नेमका मधे येतो. सोपी वाट बहुतेक करून काट्यांच्या कडेने मारणाऱ्यालाच मिळते. सतराव्याला तर हे अगदी उघड आहे, ४९५ यार्ड, पार चार, उजवीकडे हॉटेल आणि हद्दीबाहेर, आणि त्या हद्दीला चिकटून मारलं तरच ग्रीन लांबीने समोर येतं, नाहीतर पुढे रोड बंकर आणि मागे डांबरी रस्ता. १९७८ च्या ओपनला जपानच्या नाकाजिमाचा पट ग्रीनवरून वळत त्या बंकरात गेला आणि बाहेर यायला चार शॉट लागले, एकूण नऊ. २०२२ ला कॅमेरॉन स्मिथ तिथेच अडकला होता, बंकर त्याच्या आणि झेंड्याच्या बरोब्बर मधे, त्याने पटर काढून उताराला धरून बंकराला वळसा घातला, पार वाचवला आणि ओपन जिंकला. एका बंकराच्या कडेचा उतार किती काम करतो ते या दोन प्रसंगांत दिसतं.

शिवाय ती सात जोडग्रीन्स, दोन होल्सना मिळून एक, त्यांच्या आकड्यांची बेरीज कायम अठरा (२ आणि १६, ३ आणि १५ असं), खळ्यासारखी अवाढव्य. आणि बंकर ११२, त्यातले कित्येक टीवरून दिसतच नाहीत, कारण एके काळी हा कोर्स उलट दिशेने खेळायचे आणि तिकडून येणाऱ्याला ते समोर दिसायचे.

दोन्ही कोर्सना जोडणारा एक माणूस मला फार जवळचा वाटतो, डेव्हिड स्ट्रॅथ. १८७६ ची ओपन सेंट अँड्रूजला, स्ट्रॅथ आणि बॉब मार्टिन बरोबरीत. सतराव्याला पुढचे लोक ग्रीनवर असतानाच स्ट्रॅथने मारलं अशी तक्रार झाली, समिती म्हणाली आधी टाय, म्हणजे बरोबरी सोडवायची लढत, खेळा, निर्णय मग देऊ, स्ट्रॅथ म्हणाला आधी निर्णय द्या, आणि तो टाय खेळायला गेलाच नाही. मग नॉर्थ बेरिकला कोर्सची देखभाल आणि वाढ त्याच्याकडे आली, रेडानचं श्रेय त्यालाच देतात, आणि १८७९ ला तो वारला. ओपन हातची गेली, पण त्याचं होल जगभर खेळलं जातं.

आता मी उलटं कुणाला सांगेन ते. तुम्ही आठवडाभर सेंट अँड्रूजलाच राहणार असाल आणि दोनदा खेळायला मिळण्याची शक्यता असेल तर ओल्ड कोर्सच खेळा, दुसऱ्या राउंडला वेगळाच कोर्स भेटेल. किंवा वडील आयुष्यभर टीव्हीवर ओपन बघत आलेत आणि त्यांना ओल्ड कोर्सवरच्या त्या प्रसिद्ध स्विल्कन पुलावर उभं राहायचंय, तर आखणीबिखणी राहू द्या, त्यांना घेऊन तिथे जा.

पैशांचं म्हणाल तर सीझनमध्ये ओल्ड कोर्सची फी तीनशे पौंडांच्या वर आहे, नॉर्थ बेरिकही आता स्वस्त राहिलेला नाही, जायच्या आधी दोघांचे त्या वर्षीचे दर बघून घ्या. खरा फरक खात्रीचा आहे. नॉर्थ बेरिकला महिनोन्‌महिने आधी वेळ बुक करता येते. ओल्ड कोर्सला बहुतेकांच्या नशिबी बॅलट, दोन दिवस आधी नावं टाकायची आणि सोडतीची वाट बघायची, हँडिकॅपचा, म्हणजे आपण कितपत खेळतो ते सांगणाऱ्या आकड्याचा, पुरावा लागतो, आणि तीन दिवसांच्या मुक्कामात नाव नाही लागलं तर अख्खी ट्रिप हळहळण्यात जाते. हिवाळ्यात जायचा मोह होतो कारण स्वस्त पडतं, पण तेव्हा ओल्ड कोर्सवर फेअरवेतून छोट्या मॅटवरून मारावं लागतं, जमीन वाचायला आलेल्या माणसाने एवढं करून मॅटवरून खेळू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रवास दोन्हीकडे सोपा. नॉर्थ बेरिकला एडिनबराहून थेट ट्रेन, अर्ध्या-पाऊण तासात पोचता, घरच्यांना गोल्फ नको असेल तर किनारा आहे, समोर बास रॉकवर समुद्रपक्षी इतके की खडक पांढरा दिसतो. सेंट अँड्रूजला ट्रेन जात नाही, लूकर्सला उतरून बस.

माझं ऐकणार असाल तर शनिवारी नॉर्थ बेरिक खेळा आणि रविवारी सेंट अँड्रूज गाठा, कारण मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी ओल्ड कोर्स गोल्फला बंद असतो आणि सगळ्यांना मोकळा, लोक कुत्री घेऊन, पोरांना घेऊन फिरतात, तिकीट नाही काही नाही. फक्त पहिल्या टीपासून सुरुवात करू नका, अठराव्या ग्रीनपासून उलटे चालत निघा. सतराव्याला रोड बंकरच्या कडेला उकिडवे बसून ग्रीनच्या पातळीवरून उतार बघा. मग असेच मागे मागे बाराव्याच्या ग्रीनवर या आणि टीकडे तोंड करून उभे राहा. टीवरून जिथे नुसता मोकळा फेअरवे दिसतो तिथे इकडून एकामागून एक बंकर तोंड उघडून तुमच्याकडे बघत असतात.