गोधडीचा तयार संच: खोक्यावरचं चित्र आणि आतला माल

थंडीच्या तोंडावर ‘घरच्या घरी गोधडी, लहानमोठ्यांसाठी’ असं मिरवणारे तयार संच विकायला येतात. नाव कोणतंही असो, आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो: 5 इंची चौकोनी तुकडे 42, अस्तराचं कापड, मधल्या थराचं बॅटिंग (दोन कापडांमधला मऊ भराव), कडेच्या गोटासाठी 2½ इंची कापडी पट्ट्या 3, 45 मिमीचा रोटरी कटर (फिरत्या गोल पात्याचा), वहीएवढी कटिंग मॅट, 12 इंची पारदर्शक मोजपट्टी, 30 सेफ्टी पिना, सुया, एक रीळ आणि इस्त्रीने पुसणारं पेन. अशा संचाचं हे परीक्षण. आधी निकाल सांगून टाकू: हाताने शिवायला आणि गाठी मारून गोधडी करायला हा संच उत्तम. शिलाई मशीन घरात असेल आणि मशीननेच सगळं करायचं असेल, तर खोकं न घेता सामान सुटं घ्या.

पहिली तक्रार मापाची. खोक्यावरच्या चित्रात मूल गळ्यापर्यंत पांघरून झोपलेलं असतं. आता हिशेब करा. 5 इंचाच्या तुकड्यातलं चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत जातं, उरतं 4½. 42 तुकडे म्हणजे 6 गुणिले 7. तयार माप 27 बाय 31½ इंच. हे मांडीवर घ्यायला ठीक, बाहुलीच्या अंथरुणाला फारच छान, पण पाच-सहा वर्षांच्या मुलाचे पाय बाहेरच राहणार. 36 बाय 45 इंचाची गोधडी हवी तर 8 गुणिले 10, म्हणजे 80 तुकडे लागतात. दोन संचांतले 84 तुकडे घेतले की चार उरतात, ते शिवणीच्या चाचणीला वापरा. अस्तर आणि बॅटिंग मात्र त्या मापाचं वेगळं घ्यावं लागेल, दोन संचांतले तुकडे जोडून भागवू नका. जोडावर बॅटिंगची कड वरून हाताला लागते.

गोटाचाही असाच घोळ. 27 बाय 31½ चा घेर 117 इंच. कोपरे वळवायला आणि शेवटचा सांधा बसवायला वर 10 इंच धरा, झाले 127. 40 इंची तीन पट्ट्या तिरप्या जोडल्या तर प्रत्येक जोडाला सुमारे 2½ इंच जातात आणि हातात 115 उरतात. कितीही ओढाताण केली तरी पुरत नाही. पर्याय सोपा आहे. थर एकत्र बांधून झाले की बॅटिंग वरच्या कापडाच्या कडेला बरोबर कापा, अस्तर मात्र चारही बाजूंनी 1 इंच जास्त ठेवा. ते अर्ध्या इंचावर एकदा दुमडा, पुन्हा दुमडून वरच्या कापडावर आणा आणि बारीक टाक्यांनी शिवून टाका. कोपऱ्यावर अस्तराचं टोक आधी तिरपं आत दुमडायचं, मग दोन्ही बाजू. कापताना कात्री अस्तराला लागली की हा मार्ग बंद, म्हणून बॅटिंग कापताना अस्तर खाली मुडपून ठेवा.

तुकड्यांचं कापड बहुतेक चांगलं असतं, सुती आणि घट्ट विणीचं. कडा मात्र नागमोडी कापलेल्या असतात, आणि नवख्यांची पहिली चूक इथेच होते. 5 इंच हे माप दातांच्या टोकापासून टोकापर्यंत आहे की खाचेपासून खाचेपर्यंत, हे पट्टी लावून एकदा पाहा. टोकापासून असेल तर टोकाला टोक जुळवून पाव इंच आत शिवायचं. आधी धुवायचा मोह आवरा. एवढे छोटे तुकडे धुतले की धागे निघतात, आकार तिरका होतो आणि सगळं मोजमाप हातचं जातं.

पाव इंच म्हणजे नक्की किती, यावर अख्खी गोधडी उभी असते. तुकड्याच्या कडेला नुसता 1/16 इंच जास्त गेला, तरी प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचा मिळून 1/8 इंच जातो. आठ तुकड्यांच्या ओळीत सात शिवणी, म्हणजे ओळ पाऊण इंचाहून जास्त आखूड. शेजारची ओळ नीट शिवलेली असेल तर दोन्ही जुळणारच नाहीत, आणि मग लोक कापड ओढून जुळवतात. चाचणी अशी: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. बरोबर 1 इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण एका धाग्याने बाहेर घ्या. इस्त्रीतल्या घडीतही थोडं कापड मुरतं, म्हणून शिवण पाव इंचापेक्षा किंचित कमी घेतात. इस्त्री उचलून ठेवायची, पुन्हा उचलायची. फरफटवली की चौकोनाचा पतंग होतो. शिवणीची दुमड एका ओळीत डावीकडे आणि पुढच्या ओळीत उजवीकडे दाबली की दोन ओळी जोडताना सांधे एकमेकांत अडकून बसतात. बोटाला ते कळतं, टाचणीची फारशी गरज उरत नाही.

आता कटर. गोल पात्याचा हा कटर ओल्फा या जपानी कंपनीने 1979 मध्ये आणला आणि कापणीचं काम पुरतं पालटलं, हे खरं. पण इथे तुकडे आधीच कापलेले आहेत. मग कटर हवा कशाला? शेवटी कडा सरळ करायला, बस्स. आणि तिथे 12 इंची पट्टी व वहीएवढी मॅट कामाची नाही. 31 इंचाची कड कापायला पट्टी तीनदा लावावी लागते आणि प्रत्येक वेळी कडेला पायरी पडते. त्यापेक्षा लांब पट्टीने रेघ मारून कात्रीने कापा. कटर वापरायचाच असेल तर 6 बाय 24 इंचाची पट्टी आणि 18 बाय 24 इंचाची मॅट वेगळी घ्या. पुढे कापडाचे तागे कापतानाही तीच लागणार आहे. मॅटवर इस्त्री किंवा गरम भांडं टेकवू नका, उन्हातही ठेवू नका. एकदा वाकली की सरळ होत नाही. पातं ठरावीक अंतराने एकेक धागा न कापता सोडायला लागलं, तर त्याच्या धारेला खाच पडली आहे. बदला. जोर लावून कापत राहिलात तर पट्टीवरून घसरून थेट बोटावर येतं.

खोक्यावर ‘वय 6 पासून’ लिहिलेलं असतं आणि आत हे उघडं पातं. हे लिहिणाऱ्याने पातं हातात घेऊन पाहिलं नसावं. कटर मोठ्यांनीच वापरायचा, प्रत्येक काप झाल्यावर पातं बंद करायचं, मुलांच्या हाताबाहेर ठेवायचं. मुलांसाठी या संचात दुसरं काम भरपूर आहे.

पहिलं काम मांडणीचं. 42 तुकडे जमिनीवर पसरायला सांगा आणि मधे बोलू नका. मांडणी झाली की वरून फोटो घ्या, प्रत्येक ओळीच्या पहिल्या तुकड्याला क्रमांकाची चिठ्ठी टाचा, मग ओळ उजवीकडून डावीकडे एकावर एक रचत जा. पहिला, चिठ्ठीवाला तुकडा सर्वांत वर येईल. नाहीतर कोणाचं मांजर वरून चाललं की सगळं पहिल्यापासून. सात-आठ वर्षांच्या मुलांना तुकड्याच्या उलट्या बाजूला पाव इंचावर पेन्सिलीने रेघ आखून दिली की धावदोरा बऱ्यापैकी सरळ येतो. टाका लहान हवा असा आग्रह सुरुवातीला नको, पण दर चार-पाच टाक्यांनी एक उलटा टाका घ्यायला शिकवा. तेवढ्याने शिवण उसवत नाही. दोरा कोपरापासून बोटापर्यंत लांब पुरे. त्याहून लांब घेतला की गुंता होतो आणि मुलाचा उत्साह त्यात अडकतो. संचातल्या 9 किंवा 10 क्रमांकाच्या आखूड सुयांची नेढी मुलांना दिसतही नाहीत. क्रमांक जितका मोठा, सुई तितकी बारीक. मुलांसाठी भरतकामाची 3 ते 5 क्रमांकाची मोठ्या नेढ्याची सुई घ्या.

बॅटिंग पॉलिएस्टरचं आणि फुगीर असतं. मशीनवाल्यांना ते नकोसं वाटतं, कारण मशीनच्या कापड दाबणाऱ्या साध्या पायाखाली खालचा थर मशीनचे दाते ओढतात, वरचा पायापुढे साचतो आणि मागे चुण्या पडतात. मशीनने करायचं तर वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा पाय) हवा, 90/14 ची सुई हवी आणि टाका 3 ते 3.5 मिमी. रिळाचं लेबलही वाचा. हातशिलाईचा चकचकीत, लेप दिलेला दोरा मशीनमध्ये घातला तर त्याचा लेप ताणाच्या चकत्यांवर बसतो. गाठीच्या गोधडीला मात्र हेच फुगीर बॅटिंग शोभतं. हलकं राहतं, उबदार होतं. पिशवीतून आदल्या दिवशी काढून पसरून ठेवा, घड्या आपोआप बसतात. इस्त्री चुकूनही लावू नका. वितळून कडक होतं.

थर लावताना अस्तर उलटं, जमिनीला चिकटपट्टीने ताठ बसवलेलं, पण ताणलेलं नाही. ताणलं तर सोडल्यावर आक्रसतं आणि वरच्या बाजूला फुगे येतात. अस्तर आणि बॅटिंग चहूबाजूंनी 2 ते 3 इंच मोठं हवं. पिना मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दर चार इंचांना एक. या मापाला 50 च्या वर लागतात, दिलेल्या 30 पुरत नाहीत. उरलेल्या जागी लांब कच्चे टाके घाला.

आता गाठी. तुकड्यांच्या सांध्यावर गाठ मारा असं संचातल्या पत्रकात सांगतात, आणि ते मुलांसाठी चूक आहे. चार तुकडे मिळतात तिथे शिवणींच्या दुमडींची चळत होते, लहान हाताने सुई जात नाही. गाठ प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर घ्या. 5 क्रमांकाचा पर्ल कॉटन (भरतकामाचा जाड, पिळदार सुती) दोरा एकेरी, मोठ्या नेढ्याची पण टोकदार सुई. वरून खाली जा, 3 इंचाचं टोक वर सोडा. पाव इंच अंतरावर वर या, पुन्हा त्याच भोकांतून एक फेरा घ्या. मग उजवं टोक डाव्यावर, गाठ. डावं उजव्यावर, दुसरी गाठ. दोन्हीदा उजवंच वर आलं तर गाठ दिसायला बांधलेली, पण धुण्यात सुटणारी. ओढ इतकीच की कापडावर उथळ खळी पडावी. खोल खड्डा पडला तर पुढे तिथलं कापड फाटतं. टोकं इंचभर ठेवून कापा. सुई अडली तर न फुगवलेल्या फुग्याच्या तुकड्याने धरून ओढा, दातांनी नको. गाठी 42, ओळी सात. रोज एक ओळ घेतली तर मूल कंटाळायच्या आत आठवड्यात काम होतं. चौकोनांच्या मध्यांमधलं अंतर 4½ इंच भरतं, तेव्हा बॅटिंगच्या पिशवीवर जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते आधी वाचा. 4 इंच लिहिलं असेल तर सांध्यांवरच्या गाठी मोठ्यांनी घ्यायच्या.

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पाळण्यात कोणतीच सुटी गोधडी ठेवू नये, ही तर नाहीच नाही.

पेनाबद्दल खास थंडीचा इशारा. इस्त्रीच्या उष्णतेने त्याची रेघ नाहीशी होते, पण शाई कापडातच असते. कडाक्याच्या थंडीत, गोठणबिंदूच्या बरंच खाली तापमान गेलं की रेघा पुन्हा उमटतात. थंड प्रदेशात रात्रभर गाडीत राहिलेली भेट सकाळी आखणीसकट उघडू शकते. हलक्या हाताची पेन्सिल किंवा खडू बरा. पाण्याने जाणारं पेन वापरलंत, तर पुसण्याआधी इस्त्री नको. रंग पक्का बसतो.

पहिली धुणी गार पाण्यात, एकटीच. लाल किंवा गडद निळ्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला तर वाळत घालू नका. ओली असतानाच भरपूर पाण्यात, जरा जास्त साबण घालून पुन्हा भिजवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. वाळल्यावर तो डाग काढणं फार अवघड.